रेव्हरंड टिळक आणि ऐक्याचा ध्यास

मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी पिढ्यांच्या मनात एक घायाळ पक्षीण घर करून राहिलेली आहे. प्राण कंठाशी आले असताही चोचीतला चारा पिलांपर्यंत पोचविण्यासाठी धडपडणारी ती माउली ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेतली. कविता शिकविणाऱ्या गुरुजींचा आवाज ती शिकविताना कापरा होई आणि वर्गात क्षणभर शांतता पसरे, हा अनुभव अनेकांच्या संग्रही असेल. त्या कवितेखाली नाव असे ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. नावाआधीचे ‘रेव्हरंड’ हे पद मात्र आपण बहुधा एखाद्या पदवीसारखे उच्चारतो आणि पुढे जातो. ते पद त्यांना कशाच्या मोलाने मिळाले आणि ते मिळाल्यावर त्यांनी आयुष्याचे काय केले, याची विचारपूस क्वचितच होते.

वस्तुतः टिळकांची कविता आणि त्यांची श्रद्धा यांच्यात फारकत करताच येत नाही. घासातला घास दुसऱ्यासाठी नेणारी ती पक्षीण आणि टिळकांना उमगलेला ख्रिस्त यांचे नाते अगदी जवळचे आहे. ईश्वराचे प्रेम ही एकट्याने उपभोगण्याची ठेव नसून वाटून घेण्याची शिदोरी आहे, अशी त्यांची धारणा होती. या धारणेने त्यांचे घर एकदा मोडले, आणि ते पुन्हा उभेही केले. प्रेम व ऐक्य यांविषयी बोलणे सोपे असते. त्यांची किंमत चुकती करणाऱ्याचे चरित्र म्हणूनच पुनःपुन्हा वाचण्याजोगे ठरते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात टिळकांचा जन्म झाला. वडील वामनराव करड्या स्वभावाचे, आई जानकीबाई भक्तिभावाची आणि काव्याची आवड असलेली. आईचे छत्र बालवयातच हरपले आणि हा मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिक्षणही मिळविले. पुढे शिक्षकी, कीर्तन-प्रवचने, काव्यरचना, नियतकालिकांचे संपादन असे नाना उद्योग करीत ते गावोगाव हिंडले. १८८० च्या सुमारास त्यांचा विवाह झाला. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांच्या घरी येऊन लक्ष्मी झाली. पण या लक्ष्मीला स्थिर घर मात्र बरीच वर्षे लाभले नाही. नवरा केव्हा कोठे निघून जाईल आणि खिशातले पैसे कोणाला देऊन मोकळा होईल याचा नेम नसे.

हा अस्थिरपणा निव्वळ स्वभावदोष नव्हता. नागपुरास अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम करीत असताना टिळकांना आपल्या समाजाचे एक दुखणे सतत सलत होते. ज्या धर्मात सर्वांभूती एकच आत्मा पाहिला, त्याच धर्माच्या अनुयायांनी माणसामाणसांत इतक्या भिंती का उभ्या केल्या? संतांनी देवाच्या दारी सर्वांना एका रांगेत उभे केले, आणि पंढरपुराहून परतलेला वारकरी गावच्या वेशीत शिरताच पुन्हा जातीच्या कप्प्यात का जाऊन बसतो? या प्रश्नांनी व्याकूळ होऊन त्यांनी आपल्याशीच एका नव्या धर्माचा आराखडा बांधला होता. जगाचा निर्माता हा सर्वांचा पिता, आणि म्हणून माणसे परस्परांची भावंडे, हा त्याचा गाभा होता. विचार मनाशी पक्का झाला होता. तो अंगी बाणविणारी शक्ती कोठून यावी, एवढेच कळत नव्हते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका अनोळखी युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. काव्य आणि धर्म यांवर गप्पा झाल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने ‘नव्या करारा’ची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असावे. पण पुस्तक वाचण्याचे दिलेले वचन पाळले. वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच थबकले. शत्रूवरही प्रेम करण्याची, उजव्या हाताचे दान डाव्याला न कळू देण्याची, सूर्य आणि पाऊस सज्जन-दुर्जनांना सारखाच देणाऱ्या पित्याची ती शिकवण त्यांच्या अपुऱ्या आराखड्याला जीव देणारी वाटली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना मार्गदर्शन केले होते ते अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी. बाप्तिस्मा मात्र टिळकांनी मुद्दाम तुकाराम नथोजी या भारतीय पाळकाच्या हातून घेतला. ख्रिस्ताकडे जाण्यासाठी आपल्याला परक्यांच्या देवडीतून जावयाचे नाही, हे त्या निवडीतून पुरेसे स्पष्ट झाले. तसे पाहिले तर बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई यांनी ही वाट आधीच चोखाळली होती. तथापि वाट कोणी आधी चालून गेले म्हणून नंतर येणाऱ्याच्या पायांतले काटे कमी होत नाहीत.

आणि ते काटे एकट्या टिळकांच्या पायांत रुतले नाहीत. येथे चरित्रकाराने हात आखडता घेऊ नये. पतीने धर्म बदलल्याची वार्ता लक्ष्मीबाईंना नातलगांच्या घरी असताना कळली. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. कपाळी कुंकू, पण संसार नाही. समाजाच्या शब्दकोशात या अवस्थेला नावही नव्हते. काही वर्षे त्यांनी बहिणीच्या, आप्तांच्या आधाराने नाशिक-पंढरपुराकडे काढली. लोकांची कीव आणि टोमणे दोन्ही सोसले. विश्वबंधुत्वाच्या शोधात निघालेल्या माणसाने आपल्याच पत्नीला असे वाऱ्यावर सोडावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला पाहिजे. सद्सद्विवेकाची हाक खरी असली, तरी तिने झालेल्या जखमा खोट्या ठरत नाहीत. टिळकांच्या थोरवीच्या हिशेबात लक्ष्मीबाईंच्या या वर्षांची नोंद खर्चाच्या बाजूला ठळकपणे केली पाहिजे.

परंतु चरित्र येथे संपत नाही. टिळकांची पत्रे येत राहिली, संबंध तुटला नाही, आणि अखेर लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहावयास आल्या. त्या आल्या त्या हिंदू म्हणून. त्यांनी आपले सोवळे, आपली वेगळी चूल सांभाळली. ख्रिस्ती पुढाऱ्याच्या घरात हे चालू द्यावे काय, असा विचार कोणाच्याही मनात येण्याजोगा होता; टिळकांनी सक्ती केली नाही. एका छपराखाली दोन चुली पेटत राहिल्या. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेदाचा पीळ त्यांच्याच विचाराने उलगडत गेला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. उपदेशाने जे साधले नसते ते वाट पाहण्याने साधले. आधी प्रेमाने एकत्र राहावे, मतांची जुळणी होईल तेव्हा होईल, हा टिळकांच्या पुढील साऱ्या कार्याचा धडा त्यांना आपल्या स्वयंपाकघरातच मिळाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराशी ऐक्य या कल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. योहानाच्या शुभवर्तमानात द्राक्षवेल आणि तिच्या फांद्या यांचा दृष्टान्त येतो. फांदी वेलीशी जोडलेली असेल तरच तिला फळ येते. पण जो रस तिच्यात वाहतो तोच शेजारच्या फांदीतही वाहत असतो. वेलीशी एकरूप आणि शेजारच्या फांदीशी मात्र फटकून, अशी फांदी असूच शकत नाही. प्रभुभोजनाच्या विधीत एकच भाकर मोडून सर्वांनी वाटून घ्यावयाची असते, त्यातही हाच आशय आहे. सहभाग हा शब्द येथे दोन्ही अंगांनी घ्यावा लागतो. भक्त ईश्वराच्या प्रेमात सहभागी होतो, आणि त्याच क्षणी इतर माणसांच्या सुखदुःखाचाही वाटेकरी बनतो.

टिळकांना हे तत्त्व उमगले ते ग्रीक किंवा लॅटिन परिभाषेतून नव्हे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी त्यांची भावना होती. देवाला माउली म्हणण्याची, त्याच्याशी रुसण्याची, त्याच्यावाचून कासावीस होण्याची वारकऱ्यांची रीत त्यांच्या ‘अभंगांजली’त जशीच्या तशी उतरली. तेथे ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे, आई आहे. त्याच्याशी एकजीव होण्याची तळमळ मराठी संतांच्या शब्दकळेत व्यक्त होते आणि वाचणाऱ्याला कोठेही ठेच लागत नाही. आपल्या मुलखात ही भाषा शतकानुशतके घडत आली होती. टिळकांनी ती आपल्या नव्या श्रद्धेच्या सेवेस लावली.

अहमदनगरच्या ख्रिस्ती समाजात त्यांना हे तत्त्व रोजच्या व्यवहारात उतरविण्याची कसोटी द्यावी लागली. त्या जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले होते. गोऱ्या मिशनऱ्यांकडे पैसा, संस्था आणि अधिकार होते. पूर्वाश्रमीचा ब्राह्मण पंडित या दोहोंमध्ये उभा राहिला. एका बाजूला जन्माने मिळालेला जुना अहंकार टाकावयाचा, दुसऱ्या बाजूला सत्ताधाऱ्यांच्या धर्मबंधूंपुढे लाचार व्हावयाचे नाही, अशी ही दुहेरी तारेवरची कसरत होती. ते धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नाव, पेहराव, भाषा यांत मात्र ते मराठीच राहिले. त्यांच्या कवितेत देशभक्तीचा सूर स्पष्ट आहे. ख्रिस्ती झालो म्हणजे देशाला पारखे झालो, हे समीकरण त्यांनी मान्य केले नाही. ते हिंदूंनी मांडले तेव्हाही नाही आणि ख्रिस्ती बांधवांनी मांडले तेव्हाही नाही.

त्यांच्या घराचे दार कोणासाठीच बंद नसे. अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, फुकट जेवून जाणारेही आले. त्या साऱ्यांचा भार उचलला तो पुन्हा लक्ष्मीबाईंनीच. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक कोवळा मुलगा काही काळ राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली, तोच हा मुलगा. टिळकांनी त्याची प्रतिभा ओळखली, पुत्रवत प्रेम केले, आणि त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट कधी घातली नाही. बालकवी हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घरचेही राहिले. ज्यांना धर्मांतरितांच्या प्रेमात नेहमी जाळेच दिसते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्या काळी पाश्चात्त्य चालींवर बेतलेली, भाषांतरित गीते बरीच गायिली जात. शब्द मराठी, पण ठसका परका; खेड्यातल्या माणसाच्या ओठांवर ती बसत नसत. टिळकांनी अभंग, पदे, भजने लिहून उपासनेला देशी सूर दिला. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्तकथा सांगणाऱ्या कीर्तनाची प्रथा नगरकडे आधीच सुरू झाली होती. तिला त्यांच्या काव्याचे बळ मिळाले. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनासंगीतात त्यांच्या रचनांचे स्थान मोठे आहे, आणि त्या गाताना कोणता माणूस कोणत्या पंथाचा, पूर्वाश्रमीच्या कोणत्या जातीचा, हा भेद निदान तेवढ्यापुरता तरी पुसला जातो. १८४२ पासून चालत आलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले.

याच सुमारास एक मोठे काम त्यांनी हाती घेतले होते. रामायणाप्रमाणे ख्रिस्ताचे समग्र चरित्र मराठी ओवीत गावे, या हेतूने १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायना’स आरंभ झाला. जेमतेम दहा अध्याय पुरे झाले आणि अकरावा अर्धवट राहिला. टिळकांच्या हातून ते काम तडीस गेले नाही, आणि त्याचे कारण पुन्हा त्यांच्या जुन्या ध्यासातच होते.

वयाची साठी जवळ आली असता, १९१७ साली, त्यांनी मिशनच्या चाकरीतून मुक्त होऊन ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबाराची कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येथे एका बिछायतीवर बसणार होते. कोणी परदेशी संस्था मालक नाही, पंथाची पाटी नाही. ख्रिस्त गुरू आणि त्याच्याभोवती शिष्यांचा मेळा, एवढीच घटना. चर्चच्या शिस्तीचे अभिमानी लोक साशंक झाले. बाप्तिस्म्यावाचून कोणी ख्रिस्ताचा कसा, हा त्यांचा आक्षेप आपल्या परीने गैरवाजवी नव्हता, कारण मंडळीला सीमा नसेल तर तिचे स्वरूप टिकणे कठीण. टिळकांना मात्र सीमेपेक्षा केंद्राची चिंता अधिक होती.

दरबार बाळसे धरण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ढासळली. ५ मे १९१८ रोजी बालकवींना रेल्वे अपघातात मृत्यू आला होता. पाठोपाठ एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेवला. ख्रिस्ती समाजाच्या रूढीप्रमाणे दफन न होता त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. आयुष्यभर दोन समाजांना जोडू पाहणाऱ्या माणसाचा शेवटचा प्रवासही असा दोन्ही रीतींना स्पर्शून गेला.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. ज्यांना यश मोजण्याची घाई असते ते येथेच निकाल देऊन मोकळे होतील. पण बी कोठे रुजते हे पेरणाऱ्याला नेहमी दिसतेच असे नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. भारतीय आणि युरोपीय यांनी समानतेने, देशी राहणीने एकत्र राहावे, हा त्याचा उद्देश होता. त्याच संघात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हा इंग्रज तरुण पुण्यास आला आणि पुढे या देशाच्या आदिवासींचा अभ्यासक म्हणून कायमचा येथलाच झाला. जस्टिन ॲबट यांनी उतारवयात महाराष्ट्रातील संतकवींच्या वाङ्मयाची इंग्रजी भाषांतरे एका मालिकेत प्रसिद्ध केली. टिळकांना ख्रिस्ताची वाट दाखविणाऱ्याने पुढे जगाला एकनाथ-तुकारामांची वाट दाखवावी, याहून देवघेवीचे बोलके उदाहरण कोणते? निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन १९७० साली नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना केली, तेव्हा ज्या शहरात टिळकांच्या मनात धर्मैक्याचे प्रश्न घोळले होते त्याच शहरात ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याचे हे पाऊल पडले.

आणि ‘ख्रिस्तायन’? ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या, पतीच्या हाताखाली अक्षरओळख करून घेतलेल्या या बाईंनी उरलेले अध्याय रचून ग्रंथ तडीस नेला. त्या १९३६ साली निवर्तल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ने तर मराठी गद्याला अलंकार चढविला. त्या पुस्तकात पतीच्या लहरींची, भोळेपणाची आणि स्वतःच्या हालअपेष्टांची हकीकत त्यांनी कसलीही भीडमुर्वत न ठेवता, पण कडवटपणाचा लवलेशही येऊ न देता सांगितली आहे. ज्या श्रद्धेपायी त्यांचा संसार उधळला गेला होता, तिच्याच महाकाव्याचा मोठा भाग त्यांच्या लेखणीतून उतरावा, हे दैवाचे नवल म्हणता येणार नाही; एकमेकांची वाट पाहणाऱ्या दोन माणसांच्या सहजीवनाचे ते फळ होते.

आज धर्मांतर हा शब्द उच्चारला की तट पडतात. एका तटावर प्रत्येक धर्मांतरित संशयास्पद ठरतो, दुसऱ्यावर त्याने मागे सोडलेल्यांच्या वेदनेची दखलच घेतली जात नाही. टिळकांचे चरित्र दोन्ही तटांना गैरसोयीचे आहे. त्यांनी धर्म बदलला, पण भाषा, देश आणि संतपरंपरा टाकली नाही; घर मोडले, पण मोडले म्हणून स्वस्थ बसले नाहीत. ईश्वराच्या प्रेमात सहभागी झाल्याचा दावा कोणी करीत असेल तर त्याच्या घरी वेगळ्या चुलीला जागा आहे काय, परक्या श्रद्धेच्या मुलाला तेथे पोटभर प्रेम मिळते काय, हे पाहावे. टिळकांच्या घरी ही जागा होती. वर्गात ती पक्षिणीची कविता शिकविताना गुरुजींनी कवीच्या नावाआधीच्या ‘रेव्हरंड’ या शब्दावर क्षणभर थांबून ही हकीकतही सांगावी. मुलांना ती कळेल.